रेम्ब्रांच्या चेहऱ्यावरचं दुःख नेमकं कुणाचं?

डच चित्रकार रेम्ब्रांचं १६४८चं एक एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून कागदावर उमटवलेलं चित्र) सध्या सोशल मीडियावर जोरात फिरतंय. खिडकीशी बसून रेखाटन करणारा तो स्वतः. सोबतचा मजकूर असा: बायको गेली, 'नाइट वॉच' हे मोठं चित्र नाकारलं गेलं, दिवाळं निघालं, ते सगळं दुःख या काळोखात, या डोळ्यांत आणि या साध्या कपड्यांत उतरलंय.

आधी तारखा बघू. बायको सास्किया १६४२ मध्ये गेली, चित्राच्या सहा वर्षं आधी. दिवाळखोरी १६५६ची, म्हणजे आठ वर्षं नंतरची! तिचं सावट १६४८ मध्येच चेहऱ्यावर पडलं असेल तर हा गृहस्थ चित्रकार नव्हे, ज्योतिषी म्हणायचा. 'नाइट वॉच' नाकारल्याचा पुरावाच नाही. त्याचे पैसे मिळाले होते, आणि ज्या पहारेकऱ्यांच्या सभागृहासाठी ते काढलं तिथेच १७१५पर्यंत ते टांगलेलं होतं.

काळोखाचं म्हणाल, तर खोलीत उजेड येतोय तो एका खिडकीतून. शिवाय यात आम्लाने खाल्लेल्या रेषांबरोबर ड्रायपॉइंटही आहे. सुईने तांबं थेट खरवडलं की रेषेच्या कडेला धातूची खरबरीत कड उठते, तिच्यात शाई अडकते आणि मखमली काळा रंग उमटतो. दाबयंत्रातून पत्रा जाईल तशी ही कड दबत जाते, त्यामुळे सुरुवातीचा ठसा गडद आणि नंतरचा फिकट निघतो. मग उत्तरोत्तर त्याचं दुःखही ओसरत गेलं म्हणायचं का? सुरुवातीच्या ठशांत खिडकीबाहेर काहीच नाही. तिथला निसर्ग नंतर आला. एकाच पत्र्याचे ठसे असे वेगवेगळे असताना पोस्टवाले नेमक्या कोणत्या ठशाबद्दल बोलतायत, तेही सांगत नाहीत.

कपडे कामाचे आहेत, गरिबीचे नाहीत. तो तेव्हा १३,००० गिल्डरना (तेव्हाचं डच चलन) घेतलेल्या घरात राहत होता. कर्ज फिटलं नव्हतं, हे मात्र खरं.

राहिले डोळे. आरशात बघून स्वतःला काढणारा माणूस असाच रोखून बघतो. मला तरी तिथे एकाग्रतेपलीकडे काही दिसत नाही. १६३०च्या एकाच वर्षात याच रेम्ब्रांने स्वतःचा हसरा, आठ्या घातलेला आणि डोळे विस्फारलेला चेहरा तांब्यावर काढला होता. दुःख दाखवायचंच असतं, तर ते त्याला नक्कीच जमलं असतं.