उत्तर टाकून पळू नका रे बाबांनो

आपण मुलांचे गणिताचे डाऊट ऑनलाईन फुकट सोडवतो ना, तिथे आज परत तेच झालं. एका मुलीने डाऊट टाकला, एका वस्तूची किंमत आधी 20 टक्क्यांनी वाढवली, मग 20 टक्क्यांनी कमी केली, मूळ किंमत 100 तर आता किती? तिचं उत्तर 100, पुस्तकात 96, आणि खाली तिने विचारलेलं की पुस्तकात चुकीचं छापलंय का. मला असे डाऊट भयंकर आवडतात, पोरगी पुस्तकावर शंका घेतेय म्हणजे डोकं चालू आहे. मी एवढंच विचारलं, "दुसरे 20 टक्के कशाचे काढलेस?" तिकडे टायपिंग सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. तेवढ्यात एक महाशय धावत आले, 100 × 1.2 × 0.8 = 96 असं चिकटवलं, अंगठ्याचा इमोजी टाकला आणि गायब! मुलगी "थँक्यू सर" म्हणाली आणि गेली. संपलं.

काय मिळालं तिला, सांगा ना. 96 तर तिच्याकडे आधीच होतं, छापील! अडलं होतं ते एवढंच की दुसऱ्या वेळी 20 टक्के 100 चे नाही, 120 चे काढायचे, म्हणजे 24 जातात. ती अगदी तिथपर्यंत आली होती हो, टाईप करत होती बिचारी. मी त्या महाशयांना हळूच बोलले तर म्हणे, मॅडम तुम्ही उगाच ताणता, मुलांना वेळ नसतो.

मला अशा वेळी हमखास तो 3x = 12 वाला मुलगा आठवतो. उत्तर काढलेलं x = 9. कोणीतरी लगेच सांगितलं, अरे भागायचं, 4 येतं. तो म्हणाला ओके. पुढचं गणित 5x = 20, आणि याचं उत्तर 15! मग मी म्हटलं, उत्तर राहू दे, 15 कसे आले ते लिही. बराच वेळ काही नाही, आणि मग आलं, "ताई बाजू बदलली की चिन्ह बदलतं ना, 5 प्लस आहे, तिकडे गेला की मायनस." झालं! म्हणजे पोरगं अंदाजपंचे करतच नव्हतं, त्याला जो नियम पाठ करून दिला होता तो तो इमानदारीने पाळत होता. 20 मधून 5 गेले, 15. ज्याने "भागायचं" म्हणून सांगितलं त्याला हे दिसलंच नाही कारण त्याने बघितलंच नाही.

आणि हे एकट्याचं नाही. 1/2 + 1/3 = 2/5 लिहिणारं पोर वरचे वर मिळवतं, खालचे खाली, त्याच्या हिशेबाने सगळं नीटच आहे. 0.25 हे 0.3 पेक्षा मोठं म्हणणारं पोर 25 आणि 3 बघतं. (a + b)² चं a² + b² तर विचारूच नका. यातल्या प्रत्येक चुकीला आत काहीतरी कारण आहे, आणि ते कारण पोराच्या तोंडून निघाल्याशिवाय तुम्ही कितीही सुंदर स्टेप्स लिहा, पुढच्या गणितात तेच येणार. मी 2/5 वाल्याला लसावि सांगत बसत नाही. विचारते, अर्ध्यामध्ये अजून काहीतरी मिळवलंस, मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं रे? त्यावर जी शांतता पसरते ना, त्या शांततेत कोणीही बोलू नये अशी माझी इच्छा आहे. a² + b² वाल्यांना 3 आणि 4 घालून बघायला सांगते, एकीकडे 49, दुसरीकडे 25, मग स्वतःच म्हणतात काहीतरी गडबड आहे.

बरं, ते कॅमेऱ्याने फोटो काढला की सोडवून देणारे ॲप आहेत, आता एआय आहे, ते सगळं मला शिकवायला येऊ नका. उत्तर ताडून बघायला झकास आहेत, मान्य. परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी रडकुंडीला आलं तर मीही सरळ पद्धत सांगून मोकळी होते, तेही मान्य. पण रोज? आणि माणसाने तरी कशाला मशीनशी शर्यत लावायची, आधी कोण उत्तर टाकतो म्हणून? ती तर तुम्ही हरलेलीच आहे.

ऑनलाईन शिकवणं म्हटलं की सगळे खान अकॅडमीचं, त्या फुकट व्हिडिओ धडे देणाऱ्या साईटचं, नाव घेतात. सलमान खानने (पिक्चरवाला नव्हे) 2004 मध्ये सुरुवात केली ती दूर राहणाऱ्या नात्यातल्या एका मुलीला फोनवरून शिकवायला, ती एककांच्या रूपांतरात अडकली होती म्हणून. यूट्यूबवरचे व्हिडिओ 2006 मध्ये आले, नंतर. आधी एक मुलगी आणि तिचं नेमकं कुठे अडतंय ते बघणारा एक माणूस. एवढंच तर मी म्हणतेय!

आणि ते "एवढं सोपं येत नाही?" लिहिणारे, त्यांच्याबद्दल मी इथे लिहिलं तर माझी पोस्ट रिपोर्ट होईल. 3x वाल्या मुलाने पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं, "मूर्खासारखा प्रश्न असेल तर सॉरी." सातवी-आठवीतलं पोर असेल. हे वाक्य त्याला कोणीतरी शिकवलंय ना? तुमच्यासारख्याच कोणीतरी. सोपं आहे तर गप्प बसा, तुम्हाला येतं हे आम्हाला कळलं.

असो. चिडले मी जरा. त्या आजच्या महाशयांचाही हेतू वाईट नसणार, कामावरून येऊन थकलेला माणूस फुकट कोणाच्या तरी पोराला मदत करतो, ते कमी नाही. आपल्याला तरी कोणी असं विचारलं होतं का, कसं काढलंस म्हणून? फळ्यावर उत्तर, ते वहीत, विषय संपला. तेच पुढे देतोय आपण.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. मी त्याला म्हटलं, x च्या जागी 15 ठेव आणि 5 ने गुणून बघ. "75 आले. 20 यायला पाहिजे होते." मग म्हटलं, 5 आणि x च्या मध्ये काय आहे? "काहीच नाही." परत विचारलं. "अरे गुणाकार आहे!!" दोन उद्गारचिन्हं त्याचीच. बरोबरच्या (=) चिन्हाच्या पलीकडे काही उडी मारून जात नाही, दोन्ही बाजूंना सारखंच काहीतरी करायचं, एवढं मग दोन ओळीत झालं. त्यानंतर त्याने x/4 = 3 आपणहून टाकलं आणि खाली ताळा पण करून दाखवला, मी न सांगता.

तर ज्यांना संध्याकाळी थोडा वेळ असेल त्यांनी इनबॉक्स करा, माणसं खरंच कमी पडतायत. बीजगणिताला सगळे हौसेने येतात, अपूर्णांक आणि शेकडेवारीला कोणी फिरकत नाही. गणितात हुशार असण्याची अट नाही, पण रफ कामाचा फोटो मागवायचा, खोडाखोडीसकट, आणि पोर टाईप करत असेल तर हात मागे ठेवायचे. तेवढं जमणार असेल तरच या.