'ग्रोल झेपत नाही' या आरोपाबद्दल

महोदय,

ओपेथ या स्वीडिश मेटल बँडच्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' या अल्बमवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती आपल्या सुराला. 2011 च्या 'हेरिटेज' या अल्बमपासून ग्रोल, म्हणजे मेटलमधला खोल, गुरगुरता गायनाचा आवाज, सोडून या बँडने श्रोत्यांची फसवणूक केली आणि 2024 च्या या अल्बममध्ये तो परत आणून चूक सुधारली, असे आपले म्हणणे आहे. तेवढ्यावर थांबला असतात, तर चर्चा झाली असती. पण पुढे आपण लिहिता, "ज्यांना ग्रोल झेपत नाही, तेच 'हेरिटेज'ची वकिली करतात." ज्या माणसाला आपण कधी भेटलाही नाहीत, त्याच्या कानांची लायकी एका वाक्यात ठरवून मोकळे होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ओपेथचा 'ब्लॅकवॉटर पार्क' 2001 मध्ये आला, त्या सुमारास मी कॉलेजात होतो आणि मित्रांच्या बँडमध्ये ग्रोल करीत होतो. घशावर भार न टाकता श्वासाचा दाब पोटातून कसा धरायचा, हे शिकवणारे आमच्यात कोणी नव्हते, त्यामुळे सरावानंतर घसा बसायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरीला साधा होकार देणेही जड जायचे. त्या अल्बममधील 'ब्लीक' या गाण्यात बँडचा गायक मिकाएल ऑकरफेल्टचा ग्रोल मागे सरतो आणि पाहुणा गायक स्टीव्हन विल्सनचा स्वच्छ आवाज पुढे येतो. ती जागा आम्ही पुन्हा पुन्हा बसवली आणि ती आम्हाला कधीच साधली नाही. ग्रोल काय मागतो हे मला ऐकीव माहितीवरून कळलेले नाही, तेव्हा तो मला 'झेपत नाही' असे लिहिण्यापूर्वी आपण निदान विचारायला हवे होते.

शिवाय आपले वाक्य आपल्याच आवडीशी जुळत नाही. 2003 चा 'डॅम्नेशन' आपण 'अभिजात' ठरवता, आणि त्यात पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ग्रोल नाही. 2008 च्या 'वॉटरशेड'मधील 'द लोटस ईटर' पुन्हा ऐका: सुरुवातीला नुसते गुणगुणणे, मग एकदम ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान मारा, आणि त्या वादळावर ऑकरफेल्ट चक्क स्वच्छ आवाजात गातो. ज्या ठिकाणी सवयीने ग्रोलची अपेक्षा करावी, नेमका तिथेच त्याने तो टाळला आहे. 'हेरिटेज'कडे जाणारी वाट तिथे उघडी दिसते, ज्याला पाहायची असेल त्याला. जोरकस आणि मृदू यांच्या विरोधावर बँडने वर्षानुवर्षे गाणी रचली होती आणि ती युक्ती हातची झाली होती. तीच आणखी दहा वर्षे चालवणे सोपे होते, आणि माझ्या मते खरी फसवणूक ती ठरली असती.

नव्या अल्बमला आपण 'घरवापसी' म्हणता, तेही मला मान्य नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातील एका धनाढ्य कुटुंबप्रमुखाच्या मृत्युपत्राचे वाचन हा त्याचा विषय, आणि ग्रोल, निवेदन व गायन ही तिथे एकाच नाट्याची अंगे आहेत. त्या ग्रोलखालचे संगीत 'ब्लॅकवॉटर पार्क'चे नाही. तुटक, अडखळत वळणारे ताल, पुढे आलेले कीबोर्ड, तंतुवाद्यांची भरणी हे सारे ग्रोलविना काढलेल्या चार अल्बममध्ये घडले आहे. ती वर्षे वजा करा आणि हा अल्बम उभा करून दाखवा.

'हेरिटेज'मधील ड्रमचा आवाज कोरडा आहे आणि काही गाणी जोडकामासारखी वाटतात, हे आपले निरीक्षण मात्र मला पटते. बँडचा ड्रमर वाल्तेरी वायर्युनेन याच्याविषयीचा शेरा आणि मैफलींतील गाण्यांच्या निवडीची तक्रार यांवर वाद घालण्यासारखे काही नाही, ती आपली आवड झाली.

एकाच गोष्टीचे उत्तर मला हवे आहे. 'हेरिटेज'मधील 'फॅमिन' या गाण्यातली बासरी आपल्याला 'भरताड' वाटते, तर नव्या अल्बममधील 'जेथ्रो टल' बँडच्या इयन अँडरसनची बासरी त्याच प्रतिक्रियेत 'वैभव' कशी काय झाली?