शेंगा खाणारा बाप

या आठवड्यात आमच्या घरात काहीच घडलं नाही. सोमवारी गॅस संपला, तर दुसरी टाकी भरलेली निघाली. मंगळवारी धाकट्याचा पुढचा दात पडला. बुधवारी पाण्याची मोटर जळाली म्हणून मी कपाळाला हात लावला, पण नुसती फेज गेली होती. गुरुवारी हिची मॉर्निंग ड्युटी (ही नर्स आहे), म्हणून डब्याची भाजी मी केली. पोरांनी डबे रिकामे आणले. त्यांनी भाजी खाल्ली की टाकली, हे मी विचारलं नाही. संक्रांतीचे उरलेले तिळगुळाचे लाडू डब्यात खडखडतायत, त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

एवढ्या निवांत आठवड्यावर कुणी पोस्ट लिहीत नाही. पण घरात गडबड नसली की डोक्यात सुरू होते. माझ्या डोक्यात पाच दिवस एकच वाक्य फिरत होतं, लेकीचं.

त्याच्या आधीच्या रविवारी थोरलीला घेऊन इचलकरंजीला गेलो होतो. ती अकरा वर्षांची आहे, सांगलीत घराजवळच्या मंडळाच्या मैदानावर खो-खो खेळते. चौदा वर्षांखालच्या मुलींचे सामने होते. सकाळी साडेसहाला माझ्या जुन्या व्हॅनमध्ये पाच पोरी कोंबल्या. अंकलीचा पूल धुक्यात होता. जयसिंगपूरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं रांगत गेलो आणि पोरी प्रत्येक ट्रॉलीला हात करत होत्या. इचलकरंजीत शिरलो तर रविवार असूनही कुठंतरी यंत्रमागांचा खडखडाट चालूच होता. मैदानावर पाणी मारलेलं, तांबडी माती दाबलेली, फक्कीच्या रेषा ताज्या. मला उगाच भरून आलं. शाळेत मीही खो-खो खेळलोय. म्हणजे असं मी सांगतो. संघ निवडताना सर "आणि तू" म्हणायचे, तो मी.

आमचा संघ बारा जणींचा, मैदानात नऊ. उरलेल्या तिघी चटईवर. पहिल्या सामन्यात आमची थोरली चटईवर.

आता खरं सांगतो, माझ्या मनात काय आलं. नी-कॅपचे पैसे आले, पेट्रोल आलं, मोडलेली रविवारची झोप आली. सरांनी हिला का बसवली, ती खेळणारी अमकी तर परवा-परवा आलीये, तिचे वडील सरांच्या ओळखीचे दिसतात. माणूस किती लवकर खालच्या पातळीवर उतरतो ते बघायचं असेल तर त्याच्या पोराला राखीव खेळाडू करा. थोरली मात्र चटईवर बसून बाकीच्या दोघींशी कशावरून तरी खिदळत होती. त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या सामन्यात तिला आक्रमणाला, म्हणजे समोरच्या संघातल्या पळणाऱ्या पोरींना पकडायला, घेतलं. मी रेषेला चिकटलो आणि जो सुरू झालो तो सात मिनिटं थांबलोच नाही. "उठ! अगं उठ! डावीकडं! ती बघ पळाली! झोपलीस का?" ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: मधल्या पाटीवर आठ जणी ओळीनं बसतात, एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. नववी पळते. तिनं मागून येऊन पाठीला हात लावून "खो" म्हटल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही. आणि उठली की ज्या दिशेला निघाली त्याच दिशेला जायचं, मागं फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. मी "उठ" म्हणून बोंबललो, ती उठली. खो मिळायच्या आधी. शिट्टी. फाऊल. थोड्या वेळानं पुन्हा तेच. सामना आम्ही तीन गुणांनी हरलो.

येताना जयसिंगपूरला रस प्यायला. बाकीच्या चौघी मागं झोपल्या. थोरली माझ्या शेजारी जागी होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही ओरडला की मला खो ऐकूच येत नाही."

रागानं नाही. काच वर घ्या, वारं लागतंय, असं सांगावं तसं.

मी बापाच्या अधिकारानं तिला नियम शिकवला. खो पाठीवर हात लावून देतात, त्यात ऐकायचं काय? तेव्हा तिनं मला जे सांगितलं ते मला चाळीशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. ती म्हणाली, हात लागल्यावर तयारी केली तर उशीर होतो. जी आपल्यामागून पळतेय तिच्या पावलांचा आवाज ऐकायचा असतो. दोन घरं पलीकडं असतानाच कळतं, ताई आपल्याकडं येणार की पुढं जाणार. मग टाच उचलून ठेवायची. ती पळताना श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो, पप्पा. खो म्हणायच्या आधी ती श्वास घेतेच.

मी गाडी चालवत राहिलो. अंकलीचा पूल आला, गेला.

तर मित्रहो, माझं मत. पोरांच्या खेळाच्या मैदानाबाहेर उभे राहणारे आपण आई-बाप जरा जास्तच बोलतो. प्रोत्साहन वगैरे त्याला नाव देतो, पण या रविवारी गप्प राहून मी इतरांचं ऐकलं, आणि त्यात प्रोत्साहन फार कमी होतं. सूचना होत्या, आणि त्या बहुतेक चुकीच्या. पंचांवर राग होता. सरांनी संघ कसा निवडायला पाहिजे होता याची चर्चा होती. शेजारच्या मुलीशी तुलना होती, आणि ती मुलगी चार फुटांवर उभी होती. एक आई तर हातवारे करून पोरीला "केस बांध" म्हणून सांगत होती. त्यातल्या त्यात ती एक सूचना बरोबर होती.

हे क्रिकेटपुरतंच आहे असा माझा समज होता. टर्फवर अकादम्या निघाल्या, महिन्याची फी भरली, मग बाप पैसे वसूल करायला जाळीबाहेर उभा राहतो, हे समजू शकतो. पण खो-खोला काय लागतं? मैदान, दोन खांब, फक्की. आमच्या मंडळाची फी एवढी कमी आहे की सर ती मागायलाही लाजतात. तरीसुद्धा आपण तिथं हिशोब घेऊन उभे. कुणाला दहावीला क्रीडागुण हवेत. कुणी सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची माहिती आत्ताच काढून ठेवलीये, मुलगी सहावीत आहे. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. आपल्या भागातल्या कितीतरी घरांना त्या पाच टक्क्यांनी हात दिलाय. पण सहावीतल्या पोरीच्या डोक्यावर ती फाईल ठेवून तिला सूर मारायला सांगणं जरा अवघड आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. मुली ७८-४० नं जिंकल्या. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार आपले महाराष्ट्राचे. त्या रात्री आमच्या घरात जे काही झालं ते खालच्या मजल्यावरच्या काकांना अजून आठवतं. त्याच्या आधी २०२० मध्ये धाराशिवच्या सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४च्या सुमारास ज्या खेळाचे नियम लिहून काढले, तो इतक्या वर्षांनी टीव्हीवर, मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात दिसला याचा मला आनंदच आहे. विश्वचषकानंतर मंडळावर पोरं वाढली. पोरांबरोबर आम्हीही वाढलो. आधी संध्याकाळी मैदानावर पालक म्हणून कुणीच नसायचं, पोरं आपापली यायची आणि काळोख पडला की जायची. आता गेटला गाड्यांची रांग, आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, ज्यावर सर एक वेळ टाकतात आणि त्याखाली चाळीस पालक अंगठे दाखवतात. एकेचाळिसावा विचारतो, "सर, उद्या प्रॅक्टिस आहे का?"

माझा एक शाळामित्र इंग्लंडमध्ये असतो. त्याला मी हा सगळा किस्सा सांगितला तर तो हसला. तिकडच्या फुटबॉल संघटनेनं मुलांच्या सामन्यांसाठी पालकांनी गप्प राहायचे शनिवार-रविवार ठरवून घेतलेत म्हणे, टाळ्या चालतील, सूचना नाहीत. म्हणजे हा रोग आपलाच नाही. गोऱ्यांच्या देशात त्यासाठी परिपत्रक काढावं लागतं, आपल्याकडं आई पुरते.

आई म्हणजे माझी आई. बुधवारी रात्री जेवताना मी मोठ्या गांभीर्यानं जाहीर केलं, की मी येत्या रविवारी मैदानावर एक शब्द बोलणार नाही. आई म्हणाली, "लहानपणी तू खेळायचास तवा तुझा बाप कधी आला हुता का बघायला?" मी म्हटलं, नाही. "मग तुझं काय अडलं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं तर होतं. मला कधी कधी वाटायचं की अण्णांनी यावं. एकदा तरी. पण ते आईपुढं काय बोलणार.

म्हणून मैदानावर न जाणं हा मार्ग मी घेतला नाही. शुक्रवारी संध्याकाळी थोरलीनं हॉलमधलं टीपॉय सरकवून मला आणि धाकट्याला फरशीवर उकिडवं बसवलं आणि शिकवलं. धाकट्याला वजीर व्हायचं होतं. अल्टिमेट खो-खो लीगमध्ये एक वजीर असतो, तो कुठल्याही दिशेला पळू शकतो, हे त्यानं टीव्हीवर बघितलंय. आपल्या मैदानावर वजीरबिजीर नाही, असं ताईनं त्याला ठणकावून सांगितलं. तो रडला. मग सोफ्याला वळसा घालताना तो वजीर असतो असं ठरलं. मी तीन मिनिटं उकिडवा बसलो आणि उठताना सोफा धरला. डोळे मिटून थोरलीची पावलं ऐकायचा प्रयत्न केला. काही कळलं नाही. फरशीवर कळत नाही, मातीवर कळतं, असं ती म्हणाली. ती माझी लाज राखत होती.

तर हा रविवार. सामने सांगलीतच होते. मी जाताना पाव किलो भाजक्या शेंगा घेतल्या. यामागं शास्त्र आहे. शेंग सोलायला दोन्ही हात लागतात, म्हणजे मोबाईल खिशात राहतो. आणि तोंड भरलेलं असलं की "उठ" म्हणता येत नाही, नुसता "उं" निघतो. खांबाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, पालकांच्या घोळक्यापासून लांब.

गप्प राहिल्यावर मला बरंच काही दिसलं. खांबाजवळ उभी राहणारी धावक चेंडू वाटावी इतकी जमिनीला वाकलेली असते. बसलेल्या पोरींपैकी एक सारखी नी-कॅप वर ओढते, तीच सगळ्यात चपळ. सर अजिबात ओरडत नाहीत. सगळ्या आरडाओरड्यात तो माणूस हाताची घडी घालून उभा असतो, आणि खेळायची पाळी संपली की एकेकीला बाजूला घेऊन एवढंच काहीतरी हळू सांगतो. आणि खो. खो किती वेगवेगळ्या आवाजात देतात पोरी! एकीचा किंचाळल्यासारखा, एकीचा नुसता धाप लागल्यासारखा, आमच्या थोरलीचा बारीक, पण टोकदार. घरी तिला तीनदा हाक मारावी तेव्हा "ओ" येते. तिथं तिचा आवाज ऐकून मी शेंग तोंडात न घालता हातात धरून राहिलो.

या वेळी ती पहिल्यापासून खेळली. का, मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. आक्रमणात एकही फाऊल नाही. संरक्षणाला, म्हणजे पळणाऱ्यांत, ती दुसऱ्या तुकडीत आली. बसलेल्या मुलींमधून एकेकीच्या आडून नागमोडी पळत ती एकेरी साखळी खेळत होती. मी घड्याळ लावलं नव्हतं, त्यामुळं किती वेळ टिकली ते सांगू शकत नाही. तिला वळताना बघत होतो, एवढंच. शेवटी खांबाजवळ एका उंच पोरीनं सूर मारून तिच्या घोट्याला बोट लावलं. दोघी मातीत. उठून दोघींनी एकमेकींच्या पाठीवरची माती झटकली, मग एक इकडं गेली, एक तिकडं.

माझ्या शेजारी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांची मुलगी समोरच्या संघात होती. आल्या आल्या सुरू झाले, "पकड तिला! अगं मागं बघ!" मी मूठभर शेंगा पुढं केल्या. त्यांनी घेतल्या. साधारण मिनिटभर शांतता होती. मग शेंगा संपल्या. मी आणखी दिल्या.

सामना कोण जिंकलं ते लिहायचं राहिलं. आम्हीच, पण पुढचा हरलो.

परत येताना थोरली काही बोलली नाही. ऐकू आलं का, हे विचारायचं मी दोनदा तोंडावर आणलं आणि दोनदा गिळलं. घरी आल्यावर तिनं बादलीत कपडे भिजवले, पाणी तांबडं झालं, आणि धाकटा त्यात बोटी सोडायला बसला. रात्री हिनं माझा शर्ट मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसा चाचपला आणि ओट्यावर उलटा केला. टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या म्हणून टरफलं उचलली नाहीत. मी खाल्ल्या होत्या, म्हणून मैदानावर न टाकता सगळी खिशात भरून आणली होती. ही एकदा टरफलांकडं बघायची, एकदा माझ्याकडं.

"पाव किलो?" ती म्हणाली. "एकट्यानं?"

थोरली आतून ओरडली, "मम्मी, पुढच्या रविवारी अर्धा किलो लागतील. सगळ्यांच्या पप्पांना."