बंदुका वाटाल, पण वसुली?

2025 च्या मे महिन्यात आसाम सरकारनं संवेदनशील भागांतल्या मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने द्यायचं ठरवलं. पहलगामची जखम ताजी होती. आमच्या कोल्हापूरकर नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच सूर लागला : गावोगाव बंदुका वाटा.

मी राहतो त्या केंटमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, शेतकऱ्यांना एकदा खरोखरच शस्त्रं वाटली होती. जर्मन सैन्य उतरेल या भीतीनं 14 मे 1940 ला ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून स्वयंसेवक मागितले आणि जुलैपर्यंत दहा लाखांवर माणसं आली. हेच ब्रिटनचे होमगार्ड. सुरुवातीला कुणाकडे शिकारीची बंदूक, कुणाकडे नुसती काठी. मग अमेरिकन रायफली आल्या. त्यांना ब्रिटिश रायफलींची .303 ची गोळी चालत नसे, म्हणून घोटाळा टाळायला त्यांच्यावर लाल पट्टा रंगवला. पुढे स्टेनगन आली. एनफिल्डच्या कारखान्यात 1941 मध्ये आखलेली, नळी आणि ठोकलेला पत्रा जोडून केलेली, स्वस्तातली. खेळणी बनवणाऱ्या लाइन्स ब्रदर्सनंही ती लाखोंनी काढली. हातातून पडली तर आपोआप सुटायचीही! आणि होमगार्डच्या हाती ती पडली, तोवर जर्मन उतरण्याची भीती बरीच ओसरली होती.

मला कौतुक आहे ते पुढच्या वसुलीचं. 3 डिसेंबर 1944 ला होमगार्डचं काम थांबलं आणि सरकारी शस्त्रं जमा करून घेतली. 1946 मध्ये ब्रिटनचे गृहमंत्री चूटर ईड यांनी संसदेत सांगून टाकलं की, स्वसंरक्षण हे रिव्हॉल्व्हर बाळगायला पुरेसं कारण असेलच असं मानणार नाही.

आपल्याकडे जम्मूतल्या डोडात 1995 पासून ग्रामरक्षण समित्यांना .303 रायफली दिल्या. एकाकी पहाडी वस्त्यांना त्यांचा आधार झाला, हे नाकारणारा मी नाही. पण काही सदस्यांवर गुन्हेही दाखल झाले, आणि 2022 मध्ये योजना नव्या नावानं पुन्हा उभी राहिली. छत्तीसगडमध्ये आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देणं सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये घटनाबाह्य ठरवलं. आमच्या ग्रुपवर यातलं काहीच निघत नाही.

आतेभाऊ म्हणाला, "तुमचं युद्ध संपलं रे. डोडातलं संपलं हे कोण सांगणार?" बिनतोड आहे. पण इथे शांततेच्या काळातही शेतकऱ्याला शॉटगनचा परवाना पाच वर्षांनी नव्यानं काढावा लागतो. डॉक्टरकडून माहिती मागवतात, बंदुकीचं कपाट बघायला पोलीस घरी येतात. आसामात परवाने द्यायचेच असतील, तर ते कपाट बघायला कोण जाणार, हे आधी ठरू दे.