तात्यांची वहिवाट

आज सकाळी पावणेसातला तात्यांचा फोन. मी दात घासत होतो.

"तुझं रान माझ्या वाटेत आलंय." नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "गणपती पंधरा दिवसांवर आले. मूर्ती काय टाकळ्यातनं आणू?"

या बोलण्यात रान माझं आहे एवढंच खरं. वाट त्यांची नाही, तीही माझीच. आणि ती वाट मुळात दिसते ती गेल्या दिवाळीनंतर मी सहा दिवस या दोन हातांनी कोयता चालवला म्हणून.

राजापूर तालुक्यातलं आमचं घर बारा वर्षं बंद होतं. घराला फारसं काही झालं नाही, परसात मात्र माणूस शिरला तर शोधायला माणसं पाठवावी लागली असती. हजेरीचे ६०० रुपये आणि वर चहा द्यायला मी तयार होतो, पण गडी मिळेना. जे होते ते सगळे आंब्याच्या बागांत बेणणीला, म्हणजे गवत-झुडपं काढायला, गेलेले, अगदी नेपाळीसुद्धा. ग्रासकटरवाला 'उद्या येतो' म्हणाला होता, तो अजून येतोच आहे. शेवटी सहा दिवसांची रजा टाकली, राजापूरच्या बाजारातून कोयता आणि टिकाव घेतला आणि स्वतःच उतरलो.

डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आणि ऑफिसच्या खुर्चीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला या कामाचं व्यसन लागायला अर्धा दिवस पुरतो. रानमोडी हाताला गार लागते, वरून धरून ओढली की पावसाने भुसभुशीत झालेल्या मातीतून मुळासकट येते. घाणेरीचं तसं नाही. वरून कितीही छाटा, तिला काही वाटत नाही. टिकाव बुडाशी घालायचा, जांभ्या दगडावर आपटून तो खण्णकन वाजतो, मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. मग दांडा खाली दाबून धरायचा. आधी काहीच होत नाही, मग जमिनीच्या आत कुठेतरी चर्रर्र आवाज होतो आणि अख्खं खोड लाल मातीचा गोळा घेऊन आडवं होतं. तो आवाज ऐकायला मी पगार सोडून जाईन. दोन्ही झाडं मूळची अमेरिकेकडची. त्यातली घाणेरी तर इंग्रजांनी बागेत शोभेला म्हणून आणली. शोभेला! ज्याने आणली त्याला एक दिवस माझ्या परसात सोडायला हवं होतं.

माझा बेत विहीर मोकळी करायचा होता. बारा वर्षांपूर्वी विहिरीच्या पायऱ्या दिसायच्या, आता तिथे हिरवा डोंगर होता. मी त्या दिशेने पहिला घाव घातला आणि गडग्यावरून, म्हणजे आमच्या दगडी कुंपणावरून, आवाज आला.

"काय करतोयस?"

तात्या. आमचे भाऊबंद, नात्याने चुलते, वय ७८. मांडीवर पानाचा डबा, हातात अडकित्ता. माझ्या हातात कोयता, अंगभर ओरखडे, डोक्यात पानं.

"साफसफाई, तात्या."

"विकायचंय?"

"नाही."

"राहायला येणार?"

"नाही हो."

"मग बायकोशी भांडलायस." त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. त्यांच्या लेखी विषय संपला.

ते गेले मात्र नाहीत. सहाही दिवस सकाळी आठला गडग्यावर यायचे, बाराला जेवायला जायचे, साडेतीनला परत. कचेरीत मी एवढा वक्तशीर कधी नव्हतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा माणूस, एकटा, बोलायला कोणी नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, जाणकार आहे, शिकायला मिळेल. "कोयता असा नाही, तिरका मार." "बेचक्याच्या काठीने काटा दाबून धर, मग छाट." हे खरंच कामाचं होतं, नाकारत नाही. पण दर अर्ध्या तासाने एक सूचना हमखास यायची, "विहिरीकडे काय सोनं पुरलंय? तिकडे मरायचंय का? गडग्याच्या कडेकडेनं ये."

मी कडेकडेनं जात राहिलो. अनुभवी माणूस सांगतोय, त्यामागे काहीतरी शास्त्र असणार.

तिसऱ्या दिवशी कडेला एक वेल होता, त्याला सोनेरी लव असलेल्या सुंदर शेंगा. मी हाताने ओढला. तात्या सुपारी कातरायचे थांबले आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिले. तेवढ्यात माझ्या हाताला आग लागली, मग मानेला, मग जिथे जिथे हात लागत गेला तिथे तिथे.

"खाजकुयली," तात्या म्हणाले.

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू शिकलेला. माहीत असूनच ओढतोयस."

शेण लावून वाळू द्यायचं आणि मग धुवायचं, हा उपायही त्यांनीच सांगितला. वर दम दिला, "गाईचं लाव, म्हशीचं नको." तेव्हा वाटलं, आयुर्वेद असेल. संध्याकाळी कळलं की म्हैस त्यांची होती आणि शेण त्यांना गोठा सारवायला हवं होतं. संस्कृतात या वेलाला कपिकच्छू म्हणतात, म्हणजे माकडालाही खाज आणणारी. माकडाला निदान गडग्यावरून बघणारे चुलते नसतात.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी कंबर धरून उभा राहिलो आणि केलेलं काम बघितलं. हाताला आठ फोड, पण समोर लाल मातीचा स्वच्छ पट्टा, चार फूट रुंद, गडग्याला लागून सरळ रेषेत. मध्ये आजीचा वाटण वाटायचा फुटका पाटा निघाला होता, तो मी धुवून पडवीत ठेवला. ऊर भरून आला. मग सहज लक्षात आलं की पट्टा तात्यांच्या बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, निघतो आणि डांबरी रस्त्यावर संपतो. विहिरीला मी हातसुद्धा लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पट्ट्यावरून तात्यांच्या नातवाची स्कूटर गेली. अंगणात साफ केलेल्या तुकड्यावर त्यांची सुपारी वाळत होती.

"तात्या, ही वाट..."

"जुनी वहिवाट आहे. वीस वर्षं वापरली की हक्क होतो. १८८२चा कायदा."

"अहो, पण बारा वर्षं इथे रान होतं! कोण चालत होतं?"

"रान कुणाचं? तुझं. म्हणजे वाट कुणी अडवली? तू." अडकित्ता कट्ट वाजला. "१९०६चा मामलतदार कोर्ट कायदा काढ."

तात्यांना स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव आठवत नाही, 'ती गुलाबी' म्हणतात. कायद्यांची सालं मात्र पाठ. डोंबिवलीला आल्यावर मी चिडून तो १८८२चा कायदा वाचून काढला. वापर वीस वर्षं सलग हवा, आणि दाव्याच्या दोन वर्षं आधीच तो थांबला असेल तर हक्क धरत नाहीत. म्हणजे तेव्हा मीच बरोबर होतो. मेलेली वहिवाट मीच रजा टाकून, स्वतःच्या पैशाच्या कोयत्याने जिवंत करून दिली. हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही. बायको म्हणते, "सहा दिवस गेलास, विहिरीचा फोटो कुठाय?"

आणि आता गणपती. बाप्पाची मूर्ती पाटावर बसवून, डोक्यावर घेऊन येणाऱ्या माणसाला 'इथून जाऊ नका' म्हणायची हिंमत कोकणात कोणाच्या बापाची नाही. तात्यांना हे माहीत आहे. म्हणूनच फोन आज आला, जूनमध्ये नाही आला.

"शनिवारी ये," ते म्हणाले. "कोयता धार लावून ठेवलाय."

"कुठला कोयता?"

"तुझाच."

माझा कोयता माझ्या कुलूपबंद पडवीत होता. हा विषय मी पुढे वाढवला नाही, कारण तेवढ्यात मला तो चर्रर्र आवाज आठवला. तोंडातली पेस्ट थुंकली.

"विहिरीकडे रान केवढं झालंय, तात्या?"

"डोक्याच्या वर."

फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडला. गणपतीतल्या गाड्या बुकिंग उघडताच भरतात, शनिवारला वेटिंगही बंद होतं.

"गाडी नाहीये, तात्या."

"मग शुक्रवारची एसटी धर. आणि आल्या आल्या विहिरीकडे पळू नकोस, आधी गडग्यावरचा वेल काढ."

"गडग्यावरचा कशाला?"

"अरे, मी बसू कुठे?"