कंदाहारचे दोन ग्रीक लेख: एक खुलासा

‘अशोकाचा ग्रीक-अरामी द्वैभाषिक शिलालेख काबूलच्या संग्रहालयातून लुटला गेला’ हे सध्या फिरणारे विधान दोन वेगळ्या लेखांची सरमिसळ करते. १९५८ साली उजेडात आलेला द्वैभाषिक लेख कंदाहारजवळच्या डोंगराच्या कातळावरच कोरलेला आहे; तो संग्रहालयातून चोरीला जाणार तरी कसा? बेपत्ता झाला तो चुनखडीचा सुटा, केवळ ग्रीक मजकुराचा ठोकळा, जो १९६३ मध्ये जुन्या कंदाहारच्या अवशेषांत एका जर्मन डॉक्टरांना मिळाला, पुढे काबूलच्या संग्रहालयात पोहोचला आणि १९९० च्या दशकातील लुटालुटीत नाहीसा झाला. त्यावर अशोकाच्या क्रमांक दिलेल्या प्रमुख शिलालेखांपैकी बाराव्याचा शेवट आणि कलिंगयुद्धाची हकिगत सांगणाऱ्या तेराव्याचा आरंभ होता, त्यामुळे तो अनेक दगडांवर कोरलेल्या लेखमालेचा एक तुकडा असावा, असे अभ्यासक मानतात.