"काही करत नाही हो तो!"

टिकल्याला, आमच्या कुत्र्याला, सात टाके पडले. मानेच्या डाव्या बाजूला. चिपळूणहून आत्ताच परत आलोय. तो ओटीवर पोत्यावर पडलाय आणि मी त्याच्या शेजारी बसून हे टाइप करतेय. हात अजून थरथरतोय.

सकाळी सातला आमचं नेहमीचं गुहागरच्या किनाऱ्यावर फिरणं. ओहोटी होती. टिकल्या साखळीला. नऊ वर्षांचा झालाय, मागचा एक पाय ओढतो. सुरूच्या बनातून एक जर्मन शेफर्ड सुसाट आला. गळ्यात पट्टा, साखळी नाही. मालक पन्नास पावलं मागे, हातात मोबाइल. मी ओरडले, "अहो, धरा त्याला!" तर तिथूनच हसत म्हणाले, "काही करत नाही हो तो, फ्रेंडली आहे."

तो कुत्रा टिकल्याच्या पाठीवर मान टेकवून उभा राहिला. शेपटी ताठ, पाठीवरचे केस उभे, तोंड घट्ट मिटलेलं. कुत्रं पाळणाऱ्याला एवढंही वाचता येत नसेल तर काय बोलायचं? शेपटी हलते म्हणजे खूश, एवढंच शिकून आलेत सगळे. टिकल्या गुरगुरला. तो "लांब हो" म्हणत होता. पुढच्या क्षणी त्याची मान त्या जबड्यात होती.

मी साखळी सोडून दिली, नाहीतर त्याला मान वळवायलाही जागा उरली नसती. मालक धावत आले आणि पट्टा धरून मागे ओढायला लागले. बरोबरच्या बाई चपलेने मारायला लागल्या. ओढलं की दात आणखी फाडत जातात, मारलं की कुत्रं आणखी घट्ट धरतं, आणि तोंडाजवळ हात नेला की पुढचा चावा त्या हाताला. शेवटी शहाळीवाल्या दादाने बादलीभर पाणी थेट दोघांच्या तोंडावर मारलं. पकड सुटली त्याच क्षणी मी ओरडले, "मागचे पाय उचला, मागे चला!" मालकांनी त्यांच्या कुत्र्याचे उचलले, मी टिकल्याचे. दोघांना हातगाडीसारखं मागच्या मागे नेलं. लिहून ठेवा कुठेतरी. पाणी, किंवा मध्ये एखादी फळी, खुर्ची, जाड चादर. आणि ओढायचं ते पकड सुटल्यावर, मागच्या पायांनी. गळ्याशी हात घालायचा नाही म्हणजे नाही.

पण मला हे नव्हतं लिहायचं. मला लिहायचंय ते त्यानंतरचं.

त्या माणसाने आधी स्वतःच्या कुत्र्याला साखळी लावली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गावठी कुत्री कशाला आणता बीचवर?" आणि गाडीत बसून गेला. नाव नाही, नंबर नाही, लस दिलीय का एवढंसुद्धा नाही. माझ्या पांढऱ्या ओढणीवर टिकल्याचं रक्त आणि समोर गाडीची मागची काच, त्यातून तो शेफर्ड आमच्याकडे बघत होता.

मला तिथे वाळूतच अण्णा, माझे वडील, आठवले.

१९८९. मी सहावीत. आमचा कुत्रा वाघ्या बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, निसटला आणि मासे घेऊन येणाऱ्या काकीच्या कुत्रीवर धावून गेला. काकी मध्ये पडली, तिच्या मनगटाला चावला. चूक कोणाची यावर आळीभर चर्चा. कोणी म्हणालं तिने मध्ये पडायला नको होतं, कोणी म्हणालं तिने कुत्री आणलीच कशाला. अण्णा एकच वाक्य बोलले, "बेडं कोणी उघडं ठेवलं? मी. मग चावलं कोण?" साबण घेऊन तिचा हात विहिरीवर धरला आणि मी पोहऱ्याने पाणी ओतत राहिले, बराच वेळ. आज डॉक्टर १५ मिनिटं साबणाने धुवा सांगतात, अण्णांना ते कुठून माहीत होतं देव जाणे. तेव्हा पोटात १४ इंजेक्शनं असायची. चौदाही दिवस अण्णा काकीबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. तिची बुडालेली विक्री रोजच्या रोज हातावर ठेवली. आणि संध्याकाळी तिच्या घरी जाऊन कुत्रीची जखम पोटॅशच्या जांभळ्या पाण्याने धुवायचे. अण्णांची बोटं महिनाभर तपकिरी होती.

आम्ही श्रीमंत नव्हतो. अण्णा शाळामास्तर. पण थांबले.

मला कायद्याचं कोणी सांगू नका, मला माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे, तिचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते माणसापुरतं. कुत्र्याला कुत्रं चावलं तर भरपाईसाठी दिवाणी दावा लावत बसा. सात टाक्यांसाठी कोण लावणार? म्हणून तर ही माणसं निवांत गाडीत बसून जातात. कायदा पोचत नाही तिथे माणसाची लाजच लागते, आणि ती सकाळी मला दिसली नाही.

हो, आमची मोकाट कुत्री पण पर्यटकांच्या कुत्र्यांवर धावून जातात, मान्य. त्यांच्यासाठी निर्बीजीकरण, लस, सगळं व्हायला हवं आणि ते होत नाही. पण आजचा कुत्रा मोकाट नव्हता. त्याला घर होतं, गाडी होती, मालक होता.

किनारा सगळ्यांचा आहे, पण तो कुत्र्यांचं उद्यान नाही. इथे कुंपण नाही, दुहेरी दार नाही. रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं असतात, वाळूत बसलेली पोरं असतात. कासवांची अंडी जाळीच्या आत नेऊन पुरावी लागतात, त्यातलं एक कारण कुत्रीच आहेत. आणि तुमच्या घरात शहाणा असलेला कुत्रा पाच तास गाडीत बसून, नव्या वासांत, नव्या आवाजांत उतरला की तोच कुत्रा राहत नाही. त्यात त्याचा काय दोष? त्याला कोणीतरी लांब साखळी लावून हळूहळू किनारा दाखवायला हवा होता.

होमस्टे चालवणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हालाच सांगतेय. पेट फ्रेंडली लिहिता ना, मग खोली देताना रेबीजच्या लसीचं कार्ड बघा, आणि किनाऱ्यावर साखळी सोडायची नाही हे तोंडावर सांगा. गिऱ्हाईक दुखावेल, ठाऊक आहे. दुपारी एका जणाचा फोन आलाच, सीझन आहे, तक्रार वगैरे नको करूस. नाही करत. पण गप्पही बसणार नाही.

चिपळूणला डॉक्टरांनी मानेवरचे केस भादरले तेव्हा बाहेरून फक्त दोन भोकं दिसत होती, तांदळाच्या दाण्याएवढी. आत सळई घातली तर बोटभर आत गेली. कातडी मांसापासून सुटली होती. ते मोकळं करून धुतलं, नळी ठेवली, मग टाके. अशी जखम वरून बुजते आणि दोन-तीन दिवसांनी आत पू होतो, म्हणाले.

तेव्हापासून माझा राग जरा वेगळीकडे वळलाय. सकाळी त्या शेफर्डच्या खालच्या ओठालाही रक्त होतं. ते टिकल्याचं होतं की त्याचं स्वतःचं, मला सांगता येणार नाही. त्याची लव दाट आहे, दिसणार नाही कोणाला.

काळ्या रंगाची गाडी, पुढच्या काचेवर गणपतीचं स्टिकर, बरोबर एक बाई आणि सात-आठ वर्षांचा मुलगा. कोणाकडे उतरले असतील तर निरोप द्या. टिकल्याची लस झालेली आहे, कार्ड माझ्याकडे आहे, काळजी नको. पण त्यांच्या कुत्र्याचे ओठ आणि गळा केस बाजूला करून उजेडात नीट बघा म्हणावं, आज रात्रीच.